दिवसा कोरडं, रात्री दमट

३ सप्टेंबर

प्रयोगशाळा प्रमुख यांस,

वर ‘प्रिय’ लिहायचं राहिलेलं नाही. मुद्दाम गाळलंय.

काल लंबूची बायको माझ्याकडे आली होती. लंबू म्हणजे गोदामातला फोर्कलिफ्टवाला. आठवण करून देते, कारण आजकाल तुला माणसं फक्त अहवालातून भेटतात. त्याच्या अंगावर पुठ्ठ्याच्या भरलेल्या खोक्यांची आख्खी थप्पी पडली, हे मला ठाऊक होतं. खुबा मोडलाय, आत सळई घातलीय, हेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते कंपनीचं पत्र. ‘निष्काळजीपणे वाहन चालवून थप्पीला धक्का दिला’ म्हणून आता त्याचीच चौकशी होणार. आरोप सिद्ध झाला की नोकरी गेली, इस्पितळाचा खर्च त्याच्या गळ्यात, आणि यापुढे कुणी त्याच्या हातात गाडी देणार नाही. पत्राला तुझा अहवाल टाचलेला. ‘खोक्यांची दाब सोसण्याची क्षमता गरजेपेक्षा अधिक आढळली.’ खाली तुझी सही. तिची शेपटी अजून तशीच लोंबते. शाळेत सिस्टर त्या शेपटीसाठी तुझ्या बोटांवर पट्टी मारायच्या, ते सगळं फुकट गेलं म्हणायचं.

खोकी निर्दोष, मग थप्पी पडली कशी? लंबूनं पाडली. तू तसं लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. तू कधीच तसं लिहीत नाहीस. तू बाकीची सगळी कारणं एकेक करून खोडतेस आणि एक माणूस तेवढा शिल्लक ठेवतेस.

त्याची बायको पॅकिंगला आहे. खुर्चीच्या काठावर बसली होती. चहा घेईना.

“बाई, ते गाडीत नव्हतेच. गाडी बंद करून नळावर पाणी पीत होते. मागून आवाज आला.”

“पडल्याचा?”

“नाही ना! कुणी जाडजूड माणूस खुर्चीत बसल्यावर येतो ना, तसा. यंत्रं नुकतीच बंद झाली होती म्हणून ऐकू तरी आला. वळून बघतात तर वरून सगळं अंगावर.”

“आधी बसल्याचा आवाज, मग पडलं? नक्की?”

“बाई, मी घरी एवढ्यांदा विचारलं की ते माझ्यावर खेकसले.”

धक्का लागलेली थप्पी बसत नाही, आडवी होते. बसते ती खालच्या खोक्यांनी दम सोडलेली थप्पी. हे तुला सांगायला लागावं? आधीच्याच आठवड्यात लंबूनं गोदामवाल्याला सांगितलं होतं, की खालच्या खोक्यांना पोट सुटलंय. गोदामवाला म्हणाला, “तुला सुटत नाही म्हणून जळतोस का?” तिथे हसले असतील सगळे. तूही हसली असतीस.

आता सरळ विचारते. चाचणीला खोकी कुठली घेतलीस? मशीनवरून उतरलेली कोरी करकरीत? पडलेल्या थप्पीतलं एक तरी तपासलंस? नसशील तर तो अहवाल मागे घे. चौकशी पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे. म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे, आणि आजारी पडायची सबब काढायलाही वेळ आहे. दोन्हींतलं काय करतेस ते बघते.

तुझी बहीण (कागदोपत्री)


११ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. ‘आदरणीय महोदया, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.’ एका आईच्या पोटी जन्मलो, एका पलंगावर झोपलो, तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, आणि आता मी महोदया! हे टायपिस्टकडून लिहून घेतलंस की स्वतः लिहिलंस? स्वतः लिहिलं असशील तर तुझ्या निगरगट्टपणाला दाद देते. टायपिस्टकडून घेतलं असशील तर तिची दया येते.

खाली पेनानं दोन ओळी आहेत, त्या मात्र तुझ्या. ‘ताई, तसलीच खोकी भर दमट हवेत वजनाखाली ठेवूनही पाहिली. उभी राहिली. आणखी काय करू?’

हो का! हे तू अहवालात नाही लिहिलंस, मला लिहिलंस. म्हणजे तुझ्याही मनात कुठेतरी पाणी मुरतंय.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. गेली कित्येक वर्षं ते गोदाम कालव्याच्या भिंतीला टेकून उभं आहे. बारा महिने ओल. गोदामवाल्याच्या कपाटातल्या चपलांवर बुरशी यायची, तो ती रोज फडक्यानं पुसायचा. त्या ओलीत आपली खोकी वर्षानुवर्षं उभी राहिली. मऊ पडायची, थोडी खचायची, पण पडली कधीच नाहीत. मग आत्ताच का पडली? काय बदललं?

लंबूच्या बायकोला निरोप धाडून पुन्हा बोलावलं. ‘यंत्रं बंद झाली होती’ हे ती सहज बोलून गेली होती, आणि मी मूर्खासारखं ऐकून सोडून दिलं होतं.

“कसली गं यंत्रं?”

“ती हवा कोरडी करायची. चार कोपऱ्यांत चार. दिवसभर घरघरतात, कानाला नुसता वैताग. संध्याकाळी बंद करतात.”

“आणि रात्री?”

“रात्री कशाला? रात्री कोण असतं तिथे?”

रात्री खोकी असतात.

बस, मला बाकी काही नको होतं. तुलाही नको, पण तू डोळ्यांवर कातडं ओढून बसली आहेस, म्हणून तू माझ्या हाताखाली आलीस त्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते पुन्हा लिहिते. कागद म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा गुंता. तंतू एकमेकांवरून जिथे जातात तिथे एकमेकांना धरून असतात, तीच कागदाची ताकद. हवेतली ओल आली की ती त्या पकडीत शिरते, तंतू जाडीला फुगतात, मऊ होतात, हात सैल पडतात. ओल कायम असेल तर सैल पडलेले हात तसेच राहतात. खोकं दुबळं होतं, पण सावकाश खचतं. आता त्यालाच दिवसा सुकव. तंतू आवळतात, पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात. रात्री ओल, की पकड सुटली. सकाळी पुन्हा धरली. आणि हे सगळं डोक्यावर ओझं असताना! दर खेपेला सुटलेला हात जरा खालीच जाऊन धरतो. कायम ओलीत जे खोकं उभं राहतं, तेच असं ओलं-सुकं केलं की वेळेआधी बसतं. हे पोरीबाळींनाही कळेल.

तुझ्या चाचणीत ओल होती, ओल्या-सुक्याचे फेरे नव्हते. फेऱ्यांची चाचणी लाव. पडलेल्या मालाच्याच पुठ्ठ्याची खोकी घेऊन. महोदया सांगतेय असं समज, बहिणीचं तू ऐकत नाहीस.


२० सप्टेंबर

धाकटे,

चार पानी पत्र! तेही हातानं. मी चष्मा पुसून वाचायला बसले, की आता काही कामाचं वाचायला मिळेल. चाचणीबद्दल एक अक्षर नाही. चारही पानं मी कशी आहे त्याबद्दल. मी कशी आहे ते मला माहीत आहे, माझ्याकडे आरसा आहे.

निरोप समारंभ उकरून काढलासच. मग ऐक. मी निवृत्त झाले त्या दिवशी तू चाचणी खोलीत मला ‘गंमत’ म्हणून समारंभ ठेवलास. चाचणी खोलीत! त्या खोलीची हवा एकसारखी राहावी म्हणून मी माणसांना आत शिंकू दिलं नाही. ओली छत्री आत आणली म्हणून मॅनेजरला दारातून परत धाडलं. सगळा कारखाना मला ‘दारबाई’ म्हणायचा, पाठीमागे नाही, तोंडावर. लंबू नमुने घेऊन यायचा आणि दारातून विचारायचा, “बाई, आत येऊ, की श्वास बाहेर ठेवून येऊ?” अशा खोलीत तू दोन डझन माणसं, वाफाळता चहा आणि मेणबत्त्या लावलेला केक आणलास. काट्याकडे बघितलंस का त्या वेळी? आर्द्रतेचा काटा कुठच्या कुठे गेला होता. दबायला लावलेले नमुने तसेच आत, माझी शेवटची चाचणी. मी सगळ्यांना हाकललं. हो, हाकललं. केकसकट. आजही हाकलीन.

तू त्यावर काय म्हणालीस तेही लक्षात आहे माझ्या. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. “ताई, तुला एका खोलीची हवा सांभाळता आली, घरातली नाही.” छान वाक्य. घरून पाठ करून आली होतीस का? आणि मी जाऊन महिना नाही झाला, तर तू त्या खोलीची वातानुकूलन यंत्रं रात्री बंद करायला संमती दिलीस. साहेबांनी मान हलवली, तू शेपूट हलवलीस.

असो. तू चाचणी लावणार नाहीस हे धरून मी लावली आहे. माझ्या घरी. लंबूच्या बायकोनं पॅकिंगमधून त्याच मालाची, घडी घातलेली दोन खोकी आणून दिली. समोरच्या बांधकामावरच्या मुकादमाकडून वाळूची पोती मागून घेतली. “आजी, पूर येणारे का?” म्हणाला. एक खोकं धुण्याच्या खोलीत, दार बंद, गरम पाण्याच्या बादल्या, रात्रंदिवस ओल. दुसरं न्हाणीघरात. दिवसा हीटर, रात्री ओल्या चादरी आणि बादल्या. दोन्हींच्या डोक्यावर फळी आणि सारखी वाळू. आंघोळीला मी शेजारणीकडे जाते. तिला वाटतं माझी मोरी तुंबलीय आणि प्लंबरला द्यायला माझ्याकडे काही नाही. काल तिनं मला तिच्या नवऱ्याचा जुना टॉवेल दिला. तुझ्यामुळे मला हेही बघायचं होतं.

एकाच हवेत ठेवलेले दोन कागद, एक कोरड्यातून आलेला आणि एक ओलीतून आलेला, कधीच सारखे होत नाहीत. आपण दोघी त्याचा जिवंत पुरावा आहोत.


२ ऑक्टोबर

धाकटे,

बसलं.

न्हाणीघरातलं. संध्याकाळी हीटर बंद करून चादरी भिजवल्या, बादल्या ठेवल्या आणि सूप गरम करायला गेले. आवाज आला. लंबूच्या बायकोनं सांगितला तोच, जाड माणूस खुर्चीत बसल्यासारखा. धावत गेले तर खोक्याच्या चारही अंगांना पोट सुटून कोपरे मोडलेले, आणि वाळू माझ्या साबणाच्या ताटलीपर्यंत. धुण्याच्या खोलीतलं? ओलंचिंब, मऊ, एका बाजूला जरा कललेलं, पण उभं. आजही उभं आहे. मी त्याला रोज सकाळी बघून येते. तुझ्यापेक्षा त्याचा मला भरवसा आहे.

हे तुला कळवायला कागद घेतला आणि पोस्टमननं तुझं पत्र टाकलं. एकच ओळ असती तर बरं झालं असतं. ‘ताई, न्हाणीघर म्हणजे प्रयोगशाळा नाही. चौकशी अधिकारी हसतील.’ खरं आहे, हसतील. माझ्याकडे ना दाबयंत्र, ना शिक्का, ना हुद्दा. आणि प्रयोगशाळेचं न्हाणीघर कुणी केलं, ते मी आज बोलत नाही.

पण तू पुढे लिहिलंस.

गोदामातली ती यंत्रं तू आणवलीस. गोदामवाल्यानं नाही, मॅनेजरनं नाही, तू. ‘तू वर्षानुवर्षं त्या ओलीच्या नावानं ओरडायचीस, कुणी ऐकलं नाही. माझ्या हातात आल्यावर पहिलं काम तेच केलं. वाटलं, कधीतरी तुझ्या कानावर जाईल.’

माझ्यावर ढकलू नकोस! मी ओरडायचे, बरोबर. मी म्हणायचे, गोदाम कोरडं करा. अर्धं कोरडं करा असं मी कधी म्हटलं? यंत्रं लावायची तर अहोरात्र, नाही तर हात लावू नका, हे मी सांगितलं नव्हतं का? नसेल सांगितलं, तर ते सांगायची गोष्ट होती का? तुला साहेब म्हणाले, दिवसा चालवू, रात्री वीज कशाला जाळायची, आणि तू म्हणालीस, अर्धं तर अर्धं. काहीच नसण्यापेक्षा बरं. इथेच तर घात झाला. ते गोदाम नुसतं ओलं होतं तेव्हा बरं होतं. तू त्याला बरं करायला गेलीस आणि लंबूच्या खुब्यात सळई गेली.

म्हणून तू गप्प आहेस. आता सगळा उलगडा झाला. मला वाटत होतं तुला कळत नाहीये. तुला पहिल्या दिवसापासून कळलंय. थप्पी यंत्रांनी पाडली म्हणायचं तर यंत्रं कुणाची, हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर तू. त्यापेक्षा लंबू पडलेला बरा, तो पडलेलाच आहे.

तिसऱ्या पानावर, डावीकडे, एक थेंब सुकलाय. कागद तेवढाच वर आलाय आणि भोवती सुरकुती. चहाचा डाग म्हणू नकोस. चहाची कड तपकिरी होते, याची होत नाही. मी आयुष्यभर ओल पडलेला कागद वाचत आलेय, मला नको शिकवू. रडून झालं असेल तर डोळे पूस आणि चाचणी लाव. यंत्रातून खरा आकडा काढ आणि तो दहा तारखेला घेऊन ये. तुझी खुर्ची जाईल. जाऊ दे. खुर्चीला खुबा नसतो.


९ ऑक्टोबर

उद्या अकराला चौकशी. मी येणार आहे. लंबूच्या बायकोबरोबर, मागच्या बाकावर. चाकांची खुर्ची आणायची सोय झाली आहे, म्हणजे तोही असेल. तुला त्याच्या तोंडाकडे बघून तो अहवाल वाचावा लागेल. शाळेत वाचायचीस तशी पुटपुटू नकोस.

काल त्याला भेटून आले. बारीक होता, आता काडी झालाय. मी दारात उभी राहिले तर म्हणतो, “या बाई, आज श्वास आत घेऊन या.” हसला आणि मग भिंतीकडे तोंड केलं. म्हणाला, “धाकट्या बाई खोटं नाही लिहायच्या. मीच कुठे घासलो असेन. मलाच आठवत नसेल.”

ऐकलंस? तुझ्या सहीवर त्याचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. नळावर पाणी पीत होता हे त्याला नीट आठवतंय, तरी तो आता मलाच आठवत नसेल म्हणतोय. हाड मोडलेलं मी समजू शकते. हे जे तू मोडलंस त्यात घालायला सळई मिळत नाही.

माझ्या पत्राला उत्तर आलेलं नाही. यायची अपेक्षाही नव्हती. माझं बसलेलं खोकं मी उद्या बरोबर आणतेय, उभं आहे ते वाळूखालून हलवत नाही. हसू देत त्यांना.


१२ ऑक्टोबर

चिंगे,

मी तुला माफ केलेलं नाही, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज नको.

तू दाराशी आलीस आणि तुझ्या दोन्ही काखांत खोकी होती, तेव्हा माझ्या पायाशी माझं बसलेलं खोकं होतं. मी ते पायानं बाकाखाली सरकवलं. लंबूच्या बायकोनं विचारलं, “बाई, आपलं नाही द्यायचं?” मी म्हटलं, गप्प बस.

ते चौकशी अधिकारी, सतत नाक पुसणारे, त्यांना बिचाऱ्यांना आधी काही कळेना. तू खोकी टेबलावर ठेवलीस. एक उभं, एक चपटं.

“दोन्ही पडलेल्या मालाचीच आहेत,” तू म्हणालीस. “दोन्हींवर सारखं वजन ठेवलं. हे सतत दमट हवेत होतं, हे उभं आहे. हे दिवसा कोरड्या, रात्री दमट हवेत होतं, हे बसलं.”

“म्हणजे ज्यानं जास्त ओल खाल्ली ते टिकलं, आणि ज्यानं कमी खाल्ली ते पडलं?” ते म्हणाले. “बाई, हे उलटं नाही का?”

“उलटंच आहे. म्हणून तर फसगत झाली.”

“कुणाची?”

“माझी.”

मॅनेजरनं तेव्हा घसा खाकरला. मला त्याचं ते खाकरणं ओळखीचं आहे, छत्री घेऊन दारातून परत जाताना तो तसाच खाकरला होता. म्हणाला, “बाई, यंत्रांचा विषय आजच्या चौकशीत यायची काही गरज नव्हती.”

“गरज होती, साहेब. यंत्रं मी मागवली. ती फक्त दिवसा चालवायला मीच हो म्हटलं. आणि तो माणूस नळावर होता.”

‘तो माणूस नळावर होता’ म्हणताना तुझा आवाज खोल गेला. मागच्या बाकापर्यंत नीट पोचलं नाही. लंबूला मात्र पोचलं. त्यानं बायकोचा हात धरला आणि एवढंच म्हणाला, “बघ, मी सांगत होतो ना?” सांगत वगैरे काही नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडला होता. पण आता तो ते आयुष्यभर असंच सांगणार, आणि त्याला तो हक्क आहे. तो सुटला. गाडी चालवायला कधी उभा राहील ते डॉक्टर सांगतील, पण कुणी बोट दाखवणार नाही.

आता माझ्या रागाचं कारण. तू एवढं सगळं बोलत होतीस तेव्हा मी त्या चपट्या खोक्याकडे बघत होते. कोपऱ्यांवर घडीवर घडी पडलेली. दोन-चार दिवसांत तशा घड्या पडत नाहीत. ते किती फेरे खाऊन बसलंय, हे मला लांबूनही कळतं. म्हणजे तू चाचणी माझ्या दुसऱ्या पत्राच्या सुमारास लावलीस! मी इथे वाळूची पोती उचलतेय, शेजारणीच्या नवऱ्याच्या टॉवेलनं अंग पुसतेय, आणि तू तिथे खोली चोवीस तास चालू ठेवून फेरे मोजतेयस. वर मला लिहितेस, न्हाणीघर म्हणजे प्रयोगशाळा नाही! एक ओळ, चिंगे. ‘ताई, लावलीय.’ दोन शब्द. एवढंही तुला माझ्यासाठी लिहवलं नाही.

व्हरांड्यात तुला हेच विचारलं, तर म्हणालीस, “लावलीय म्हटलं असतं तर तू रोज येऊन दार तपासलं असतंस.”

तपासलं असतं. अर्थात तपासलं असतं.

काल तुझ्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली, हे लंबूच्या बायकोकडून कळलं. तुला कागद-पेन्सिली वाटायच्या खात्यात बसवलंय म्हणे. तुझ्या जागी जो नवा माणूस आलाय त्यानं पहिल्याच दिवशी चाचणी खोलीचं दार वारा यावा म्हणून खुर्ची लावून उघडं ठेवलं. मला रात्रभर झोप नाही. तुलाही नसेल. निदान या बाबतीत तरी आपण एका आईच्या.

तू कामाला लागलीस तो पहिला दिवस आठवतो? चाचणी खोलीच्या दाराबाहेर तू किती वेळ उभी होतीस, टकटक करत, रडकुंडीला येऊन. तुला वाटलं मी आतून कडी घातलीय. मी आत वाट बघत होते आणि तुझ्या नावानं बोटं मोडत होते, पहिल्याच दिवशी उशीर म्हणून. आतून कडी त्या दाराला कधी नव्हतीच. नुसती जाड स्प्रिंग होती.

रविवारी ये. गप्पा मारायला नाही. धुण्याच्या खोलीतलं ते खोकं अजून उभं आहे, आणि माझ्याच्यानं वाळू उतरवत नाही. पाठ धरलीय. दोघींनी मिळून उतरवू, तेवढ्यात तुला माझं काय काय चुकतं ते सांगून घे, मी मधे बोलणार. केक आणू नकोस.

दार लावलेलं असेल. टकटक करत उभी राहू नकोस. ढकल, उघडतं.

ताई